वाहनाच्या गतिस्थितीचे अनुमान

धावत्या वाहनाचा वेग, स्वतःभोवती वळण्याचा वेग (यॉ रेट), कल आणि साइडस्लिप कोन यांचा सेन्सरांच्या अपुऱ्या नोंदींवरून क्षणोक्षणी मांडला जाणारा हिशेब. गाडीचे तोंड एकीकडे आणि प्रत्यक्ष सरकणे दुसरीकडे असेल, तर त्या दोन दिशांमधला कोन म्हणजे साइडस्लिप. 1995 साली बॉशने मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत दिलेली ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण) प्रणाली याच हिशेबावरून निवडक चाकांना ब्रेक लावून गाडी सावरते. स्वयंचलित वाहनांचाही पाया हाच.

सुरक्षिततेसाठी सर्वांत मोलाचा असलेला साइडस्लिप नेमका नेहमीच्या गाडीत थेट मोजता येत नाही. तो मोजणारी ऑप्टिकल उपकरणे चाचणीच्या गाड्यांपुरतीच परवडतात. मग तो दोन वाटांनी काढतात. पहिली वाट बेरजेची: बाजूच्या त्वरणाला वेगाने भागायचे, त्यातून यॉ रेट वजा करायचा आणि येणारा बदल साठवत जायचे. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला दिलेला 2.5 टक्के उतारही येथे घात करतो. गुरुत्वाकर्षणाचा सुमारे 0.25 मी/से² भाग बाजूचे त्वरण म्हणून नोंदला जातो; ताशी 120 किमी वेगाला दर सेकंदाला 0.4 अंश चूक साचते आणि दहा सेकंदांत सरळ जाणारी गाडी हिशेबात 4 अंश घसरलेली असते. दुसरी वाट सायकल मॉडेलची. त्यात पुढची दोन चाके मिळून एक आणि मागची दोन मिळून एक धरतात. ते बेताच्या वळणावर चोख उत्तर देते, पण टायरची पकड सुटू लागली की चुकते. दोन्हींचा मेळ काल्मान फिल्टर (1960) ही अंदाज आणि मोजमाप विश्वासाच्या प्रमाणात एकत्र करणारी गणिती रीत घालते. टायरचे वर्तन सरळ प्रमाणात बदलत नसल्याने तिचा विस्तारित प्रकार वापरतात. कोणत्या क्षणी कोणावर किती विश्वास ठेवायचा, हे ठरवण्यातच खरे कसब आहे.

यॉ रेट मोजणाऱ्या सेन्सरचा, म्हणजे जायरोचा, शून्यबिंदू तापमानाबरोबर सरकतो. नागपुरात मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीत एसी सुरू केला, की तो प्रवासाच्या आरंभीच बदलू लागतो. शहरात दर सिग्नलला गाडी थांबते. चाके स्थिर असताना जायरो जे दाखवेल ती निव्वळ चूक, ती तेथेच वजा होते. समृद्धी महामार्गावर सिग्नलच नाहीत. नागपूरहून निघालेली गाडी तासन्‌तास थांबत नाही, म्हणून तेथे मागच्या दोन चाकांच्या वेगांतील फरकाला त्यांच्यामधल्या अंतराने भागून यॉ रेट पडताळावा लागतो. त्यासाठी दोन्ही टायरांतील हवा सारखी हवी.

नागपूरच्या वर्धा मार्गावरच्या 3.14 किमी लांबीच्या दुमजली पुलाखाली अडचण वेगळी. वर महामार्गाचा पूल, त्यावर मेट्रो; खालच्या रस्त्यावर उपग्रहांचे संदेश अडतात किंवा काँक्रीटवर आपटून उशिरा पोहोचतात. अशा संदेशांपेक्षा संदेश नसलेला बरा. फिल्टरने ते सरळ नाकारावेत. मात्र केवळ जायरो आणि चाकांवर ताशी 40 किमीने हे अंतर कापताना यॉ रेटमध्ये 0.01 अंश प्रतिसेकंद चूक राहिली, तरी शेवटी गाडीची जागा सुमारे 77 मीटर बाजूला दिसते. लेन असते साडेतीन मीटरची. म्हणून तेथे कॅमेऱ्याने लेनच्या रेषा व खांब ओळखणे गरजेचे ठरते. गाडी पुलावर चढली की खालीच राहिली, हे चढाचा कोन सांगतो.

चाकांच्या वेगावरून काढलेला वेगही निर्दोष नसतो. टायरची नक्षी 8 मिमीवरून 1.6 मिमीवर झिजली, की त्रिज्या सुमारे 2 टक्के घटते आणि वेग तितकाच जास्त दिसतो. जोराच्या ब्रेकमध्ये चारही चाके एकदम घसरतात. तेवढा वेळ चाकांना बाजूला ठेवून लांबीच्या दिशेच्या त्वरणावर हिशेब चालवतात. रस्त्याची पकड तर टायरवर जोर आल्याशिवाय कळतच नाही. पावसाळ्यात डावी चाके कडेच्या काळ्या मातीच्या चिखलात उतरली, तर दोन्ही बाजूंची पकड वेगळी होते. तेव्हा चारही चाकांना एकच घर्षणांक धरणारा हिशेब फसतो.

व्हील अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग कोनाच्या सेन्सरचे शून्य स्कॅनरने पुन्हा बसवून घ्यावे. ते 3 अंशांनी सरकलेले असेल, तर महामार्गाच्या वेगाला चालक वळू पाहतो आहे असे प्रणाली धरते आणि सरळ रस्त्यावरही विनाकारण ब्रेक लावू शकते.