लार्जमाउथ बासचे पाण्यावरचे भक्ष्य

लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला, गोड्या पाण्यातला शिकारी मासा. लहान मासे हे त्याचे नेहमीचे खाणे; पण पाण्यावर पडलेले किंवा पोहत चाललेले बेडूक, चतुर, उंदीर, छोटे साप, बदकाची पिल्लेही तो गिळतो. अ‍ॅलिगेटरची नुकती अंड्यातून निघालेली पिल्लेसुद्धा त्याच्या तोंडातून सुटत नाहीत.

सगळी करामत जबड्याची. त्याचे मागचे टोक डोळ्याच्याही पलीकडे पोचते. तोंड झटक्यात उघडले की पाण्यासकट भक्ष्य आत ओढले जाते. लचके तोडायचे नसल्याने एकच हिशेब: तोंडात मावते ते खाद्य. उंदराच्या पायांनी हललेले पाणी त्याला अंगावरच्या पार्श्वरेषेने (पाण्याची थरथर टिपणाऱ्या, कुशीवरच्या संवेदी रेषेने) कळते, त्यामुळे अंधुक उजेडातही नेम चुकत नाही.

नाशिककडे हे वागणे मरळीत दिसते. दोघांचे कूळ वेगळे, सवय मात्र तीच. हवा घ्यायला मरळीला अधूनमधून वर यावेच लागते, म्हणून पाण्याचा वरचा थर तिच्या रोजच्या वहिवाटीचा. पाणवेलींत पाणी एकदम फुगते, ‘चपाक’ आवाज येतो आणि बेडूक होता तिथे नुसते बुडबुडे उरतात. मरळीसाठी गळाला बेडूक लावतात तो याचमुळे. तांबूस पिल्लांचा थवा राखत असताना तर ती जवळ येईल त्यावर धावून जाते.

निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवा संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. तिथली टिबुकली हा बुड्या मारणारा छोटा पाणपक्षी; ती पट्टेरी डोक्याची पिल्ले पाठीवर घेऊन फिरते. स्थानिक मासे आणि हे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या एकाच पाण्यात नांदत आले आहेत. परका शिकारी मासा अशा पाण्यात सोडणे किती महागात पडते, हे ग्वाटेमालातल्या आतित्लान सरोवराने दाखवले. हौशी मासेमारीसाठी तिथे १९५८ ते १९६० दरम्यान बास सोडले गेले. टिबुकलीच्याच कुळातला, जेमतेम उडू शकणारा एक पाणपक्षी जगात फक्त त्या सरोवरात होता. बासने त्याच्या वाटचे मासे-खेकडे खाल्ले, पिल्लेही गिळली. पुढे लव्हाळ्यांची तोड झाली, १९७६ च्या भूकंपानंतर पाणी उतरले. १९९० च्या सुमारास तो नामशेष झाला.