मांडवाचे खड्डे आणि हिपॅटायटिस सी

मामाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. सदाशिव पेठेत जन्म गेलेला, सत्तरीतला, सुपारीचंही व्यसन नसलेला माणूस. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत एचआयव्ही निगेटिव्ह, हिपॅटायटिस बी निगेटिव्ह, आणि खाली ठळक अक्षरांत 'अँटी-एचसीव्ही : रिॲक्टिव्ह, १.६'. एचसीव्ही म्हणजे यकृताला सूज आणणारा हिपॅटायटिस सी विषाणू. लॅबच्या काउंटरवरचा मुलगा 'डॉक्टरांना दाखवा' एवढंच म्हणाला. संध्याकाळपर्यंत मामीने त्याचं ताट-वाटी-भांडं वेगळं काढलं होतं.

गणपती गेले, मांडव उतरला, तरी रस्त्यात बांबूंचे खड्डे राहतात. खड्डा दिसला म्हणजे इथे मांडव होता एवढंच कळतं. आज आहे का, ते नाही. अँटी-एचसीव्ही तपासणी अशीच खड्डे शोधते. ती विषाणू पाहत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं पाहते. लागण झालेल्यांपैकी १५ ते ४५ टक्के लोकांच्या शरीरातून हा विषाणू सहा महिन्यांत औषधाशिवाय निघून जातो, प्रतिपिंडं मात्र वर्षानुवर्षं राहतात. औषधाने बरे झालेल्यांचंही तेच.

कधी कधी तर मांडव नसतानाच खड्डा दिसतो. हिशेब करून बघा. १०,००० लोक तपासले, दर २०० जणांत एकाला खरी लागण आहे असं धरलं, तर रुग्ण ५०. तपासणी निरोगी माणसांच्या बाबतीत ९९ टक्के बरोबर असली, तरी उरलेल्या ९,९५० मधले जवळजवळ १०० जण उगाच रिॲक्टिव्ह ठरतील. म्हणजे दीडशे रिपोर्टांत शंभर खोटे! डायलिसिसवर असलेल्या किंवा वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या लोकांत लागणच जास्त, त्यामुळे तिथे त्याच रिपोर्टचं वजन वाढतं. मामाचा आकडा १.६, सीमारेषा १. जेमतेम ओलांडलेली. असे काठावरचे आकडे बऱ्याचदा फसवे निघतात.

तरी डॉक्टरांनी तो झटकून टाकला नाही, कारण १९८४ साली अपघातानंतर मामाला दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. हा विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये. तोवर या आजाराचं नावच 'ए नाही, बी नाही' असं होतं. मग रक्तपेढी तपासणार तरी काय? एसजीपीटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, नॉर्मल होती, पण तिच्यावर विसंबता येत नाही. यकृत वर्षानुवर्षं गुपचूप खराब होत राहतं.

निकाल लावते ती आरएनए तपासणी, म्हणजे पीसीआर. ती थेट विषाणूचा जनुकीय धागा शोधते. लागण झाल्यावर एक-दोन आठवड्यांत ती पकडते. प्रतिपिंडं दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात. माझी तक्रार एवढीच, की पहिला रिपोर्ट रिॲक्टिव्ह आला की त्याच रक्तातून पुढची तपासणी लॅबने आपणहून करावी. पुन्हा बोलावलं की निम्मे लोक 'बघू नंतर' म्हणतात. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट आहेत. साधारण १२ आठवडे गोळ्या, आणि ९५ टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे होतात. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी परत आरएनए करायचं. अँटी-एचसीव्ही करून उपयोग नाही, ते रिॲक्टिव्हच येणार.

मामीला समजावलं, की हा आजार ताटावाटीतून पसरत नाही, रक्तातून पसरतो. तेव्हा तिने भांडी परत मांडणीत लावली आणि दाढीचं ब्लेड तेवढं वेगळं ठेवलं. ते बरोबरच होतं.

चौथ्या दिवशी आरएनए आलं : आढळलं नाही. खड्डा जुन्या मांडवाचा की मुळात खोटाच, हे कळलं नाही, आणि उपचारासाठी त्याची गरजही नव्हती. मामाने दोन्ही रिपोर्ट एकत्र स्टेपल केलेत. मोतीबिंदूच्या वेळी पुन्हा हेच विचारतील, म्हणतो.