मशीन बसवलं, आता एवढं वाचून घ्या

नमस्कार, गच्चीवर मातीशिवाय, पाण्यावर झाडं वाढवायच्या टाकीत आपोआप खत सोडणारं मशीन बसवून चालू करून दाखवलं तरी त्या गडबडीत अर्धं लक्षात राहत नाही, म्हणून हे लिहून देतोय, टाकीजवळ कुठेतरी चिकटवून ठेवा.

मशीन टाकीतल्या पाण्याचा पीएच आणि ईसी सारखा बघत असतं. पीएच म्हणजे पाणी किती आंबट आहे तो आकडा, आंबट जास्त तेवढा आकडा कमी. ईसी म्हणजे पाण्यात क्षार किती विरघळलेत तो आकडा. खत कमी पडलं की छोटे पंप खताच्या ए आणि बी बाटलीतून थोडं थोडं टाकीत सोडतात, मग पाणी मिसळेपर्यंत मशीन थांबतं आणि परत मोजतं, तेव्हा बंद पडलं समजून स्विच दाबू नका. लेट्यूसला ईसी 1.2 ते 1.8 पुरतो, टोमॅटोला 2 च्या वर लागतो, पीएच दोघांनाही 5.5 ते 6.5 हवा.

आपल्या इंदूरात खरी अडचण पाण्याची. नर्मदेचा नळ एक दिवसाआड, मग टाकी बोरिंगनी भरली जाते. त्या जड पाण्यात आधीच कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं आणि मशीनला त्यातलं खत कुठलं नि क्षार कुठला हे कळत नाही. समजा पाण्याचाच ईसी 0.9 आहे आणि तुम्ही 1.4 सेट केलंत, तर खत पडलं फक्त 0.5 चं, पानं पिवळी पडतात आणि स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं! शक्यतो नर्मदेचं किंवा आरओचं पाणी भरा, नाहीतर नुसत्या पाण्याचा आकडा कळवा, सेटिंग बदलून देतो.

ए आणि बी एकत्र कधीच ओतू नका, पांढरा गाळ बसतो आणि नळी चोंदते.

पीएचचा सेन्सर मात्र जपा हो. आमच्याच गच्चीवर एकदा त्याच्या काचेच्या टोकावर बुळबुळीत थर बसला, आकडा 7.2 च्या खाली येईना, तो उतरवायला मशीन रात्रभर ॲसिड सोडत राहिलं आणि सकाळी पुदिन्याची मुळं तपकिरी झालेली. फार वाईट वाटलं. तेव्हापासून दिवसाला किती ॲसिड सुटेल याची मर्यादा आम्ही घालूनच देतो. तुम्ही महिन्यातून एकदा सेन्सर धुऊन पीएच 7 आणि 4 च्या बफरमध्ये (पीएच ठरलेला असतो अशा द्रावणात) बुडवून कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याचा आकडा जुळवून घ्या, काढून ठेवायचा असेल तर कोरडा नको, आरओच्या पाण्यातही नको, सोबतच्या द्रावणाची टोपी लावून ठेवा.

मे महिन्यात टाकी सावलीत आणि वरून ओलं गोणपाट, कारण पाणी 25 अंशांच्या वर तापलं की ऑक्सिजन कमी होतो, मुळं सडायला लागतात. लाईट गेली तर पाईपातली मुळं लवकर सुकतात, पंप इन्व्हर्टरवर घ्याच.

दर दोन आठवड्यांनी टाकी रिकामी करून नवीन पाणी भरा, झाड काही क्षार भराभर खातं, काही तसेच साठतात आणि ईसीला नुसती बेरीज दिसते. जुनं पाणी गटारात नको, कुंडीतल्या मोगऱ्याला घाला.