किट कार

किट कार म्हणजे कारखान्यातून तयार गाडी न घेता, चासी (गाडीचा खालचा सांगाडा), कवच आणि इतर भागांचा संच विकत घेऊन स्वतः जुळवलेली मोटारगाडी. संचात सगळे भाग नसतात. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल, स्टिअरिंग, ब्रेक, चाकांचे हब, कधी पेडल आणि वायरिंगसुद्धा एखाद्या वापरलेल्या गाडीतून काढून घ्यावे लागतात. या दुसऱ्या गाडीला दाता गाडी म्हणतात. बघणाऱ्याच्या डोळ्यांत भरते ते कवच, आणि किट कारची चर्चाही बहुधा कवचाभोवतीच फिरते. पण गाडी रस्त्यावर कशी वागेल, ती पुरी व्हायला किती काळ लागेल आणि शेवटी तिची नोंदणी होईल की नाही, हे जवळजवळ सगळे दाता गाडीच्या निवडीतच ठरून जाते.

इतिहास

या छंदाचे मूळ ब्रिटनमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे बनणाऱ्या नव्या गाड्यांपैकी बऱ्याचशा निर्यातीला जात आणि देशातल्या गिऱ्हाइकाला ताटकळावे लागे. ऑस्टिन सेव्हन आणि छोट्या फोर्ड गाड्या मात्र जुन्या बाजारात स्वस्तात मिळत. त्यांची चासी कवचापासून वेगळी असे; बोल्ट सोडवून कवच उचलले की खाली इंजिन, चाके, स्टिअरिंग यांच्यासह चालती गाडी शिल्लक राहत असे. हौशी लोक तिच्यावर हलके, उघडे कवच चढवत. अशा गाड्यांना 'स्पेशल' म्हणत. लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने 1948 मध्ये बनवलेली पहिली गाडी ऑस्टिन सेव्हनवरच बेतलेली होती. 1950च्या दशकात फायबरग्लास हाती आला आणि चित्र पालटले. पत्र्याचे कवच घडवायला कसबी कारागीर किंवा अवजड प्रेस लागतो. फायबरग्लासला एक साचा पुरतो. चार-दोन माणसांची कार्यशाळाही आता एकसारखी कवचे काढून विकू लागली.

लोटसने 1952 मध्ये मार्क सिक्स आणि 1957 मध्ये सेव्हन ही गाडी संचरूपात विकायला काढली. यामागे करांचे गणित होते. ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदीकर लागे, सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. मात्र संचासोबत जुळणीच्या सूचना देण्याची मुभा नव्हती. म्हणून लोटसने गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायच्या, अशी हकिकत या क्षेत्रात आवडीने सांगितली जाते. 1973 मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. सवलत गेली तरी लोक गाड्या जुळवत राहिले, कारण तोवर जुळणीचीच गोडी लागलेली होती.

अमेरिकेत ही वाट समुद्रकिनाऱ्यावरून गेली. कॅलिफोर्नियातल्या ब्रूस मायर्स याने 1964 मध्ये मायर्स मँक्स ही फायबरग्लासची, वाळूवर चालवायची उघडी बग्गी बनवली. बोटी घडवण्याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. थोड्याच काळात तिचे रूप पक्के झाले : फोक्सवॅगन बीटलचे कवच उतरवायचे, तळाचा सांगाडा मधोमध सुमारे 36 सेंटिमीटर कापून आखूड करायचा, पुन्हा वेल्ड करायचा आणि वर बग्गीचे टबसारखे कवच बसवायचे. दाता म्हणून बीटलला तोड नव्हती. इंजिन मागे आणि हवेने थंड होणारे, त्यामुळे रेडिएटर नाही, नळ्या नाहीत, पुढून मागे जाणारा शाफ्टही नाही. 1967 मध्ये मँक्सने मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पातले टिहुआना ते ला पाझ हे अंतर 35 तासांच्या आत कापून विक्रम केला. मागणी उसळली, तशा नकलाही निघाल्या. मायर्सने पेटंटसाठी लढलेला खटला तो हरला आणि जगभर नकली बग्ग्या अस्सल मँक्सपेक्षा कितीतरी जास्त झाल्या.

पुढे मोटार उद्योगाने वेगळी चासी सोडून दिली आणि कवच व सांगाडा एकच असलेली बांधणी सगळीकडे रूढ झाली. अशा गाडीचे कवच काढले तर खाली काहीच उरत नाही. तेव्हा संच बनवणाऱ्यांना स्वतःची चासी घडवणे भाग पडले आणि दाता गाडीची भूमिका यंत्रभाग पुरवण्यापुरती उरली. एक ठळक अपवाद म्हणजे 1984 ते 1988 या काळात बनलेली पाँटियाक फिएरो. तिच्या पोलादी सांगाड्यावर प्लॅस्टिकची आवरणे बसवलेली असत आणि इंजिन चालकाच्या पाठीशी असे, त्यामुळे फेरारी आणि लॅम्बोर्गिनीच्या प्रतिकृतींसाठी ती सर्रास वापरली गेली. 1960च्या दशकातल्या एसी कोब्रा या स्पोर्ट्स गाडीच्या प्रतिकृती हा तर स्वतंत्र उद्योगच बनला. 1995 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या फॅक्टरी फाइव्ह रेसिंगने आपला कोब्रा संच फोर्ड मस्टँगच्या भागांवर बेतला. ब्रिटनमध्ये 1990च्या दशकात रॉन चॅम्पियनने आपल्या पुस्तकात लोटस सेव्हनच्या धर्तीची चासी घरी चौकोनी नळ्यांपासून वेल्ड करून, फोर्ड एस्कॉर्टच्या भागांवर गाडी कशी उभारावी हे दाखवले. या गाड्यांना 'लोकॉस्ट' म्हणतात. त्यांत संचही विकत घ्यावा लागत नाही.

दाता गाडीची निवड

पहिला प्रश्न इंजिनाच्या मांडणीचा. सेव्हनच्या धर्तीच्या गाडीला पुढे, गाडीच्या लांबीच्या दिशेने बसणारे इंजिन आणि मागच्या चाकांना जोर लागतो. म्हणून फोर्डच्या एस्कॉर्ट, कॉर्टिना, सिएरा आणि त्यांच्यानंतर माझदा एमएक्स-5 या गाड्या दाता म्हणून लोकप्रिय झाल्या. पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्या रूढ झाल्यावर वेगळी युक्ती निघाली. आडवे इंजिन, गिअरबॉक्स आणि ॲक्सल असा अख्खा पुढचा जुडगा उचलून चालकाच्या मागे बसवायचा. अशा वेळी पुढच्या चाकांचे हब मागे जातात आणि त्यांना स्टिअरिंगसाठी असलेले हात ठरावीक लांबीच्या दांड्याने चासीला जखडावे लागतात, नाहीतर मागची चाके आपोआप वळतील.

दाता गाडी शक्यतो पूर्ण आणि चालती घ्यावी. सुटे भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा केले तर कागदोपत्री खर्च कमी दिसतो, पण एकाच मॉडेलमध्ये मधल्या वर्षी बदललेले हब, वेगळ्या दातांचे शाफ्ट, न जुळणारे सेन्सर यांत महिने जातात. पूर्ण गाडी असेल तर ती आधी चालवून बघता येते : दुसरा गिअर कुरकुरतो का, वळणावर बेअरिंग गुणगुणते का, इंजिन तापल्यावर तेलाचा दाब पडतो का. कवचाला लागलेला गंज इथे दोष नाही, उलट फायद्याचा आहे. खालच्या कडा कुजलेल्या पण यंत्रभाग धडधाकट असलेल्या एमएक्स-5 नेमक्या याच कारणाने उचलल्या जातात. अपघातातली गाडी घ्यायची तर मार कुठे बसला ते पाहावे, कारण चाकावर बसलेल्या धक्क्याने हब आणि आर्म (चाक चासीला जोडणारे दांडे) वाकतात आणि ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. गाडीचे कागद आणि सांगाडा क्रमांक जुळतात का, ती चोरीची तर नाही, याची खातरजमा पैसे देण्यापूर्वी करायची असते.

गाडी जितकी नवी तितकी ती दाता म्हणून अवघड. अलीकडच्या गाड्यांत इंजिनचा संगणक, एबीएस, एअरबॅग, डॅशबोर्ड आणि कुलूप ही सगळी एकमेकांशी सतत संदेश देवघेव करत असतात. त्यातले एक जरी गायब झाले तरी इंजिन सुरू न होण्याची किंवा अर्ध्या ताकदीवर चालण्याची शक्यता असते. संगणक, किल्ली आणि किल्ली ओळखणारे वेटोळे ही त्रयी कधीही वेगळी करू नये.

सोडवणी

जुळणीपेक्षा सोडवणी महत्त्वाची, हे नवख्याला पटत नाही. गाडी भंगारवाल्याच्या हाताने उघडली तर भाग मिळतात, पण त्यांची नाती हरवतात. कोणता बोल्ट कुठून निघाला, कोणती नळी कशाच्या वरून गेली, वायसर आत होता की बाहेर, हे फोटो आणि चिठ्ठ्यांनीच टिकते. सुरुवात बॅटरी काढण्यापासून. मग पेट्रोल, तेले, कूलंट उतरवायचे. एसीचा वायू मात्र जाणकाराकडून रिकामा करून घ्यावा आणि एअरबॅगला तिच्या पुस्तिकेप्रमाणेच हात लावावा.

वायरिंग सगळ्यात जास्त सांभाळायची गोष्ट. प्रत्येक जोड सोडवण्यापूर्वी दोन्ही बाजूंना एकच क्रमांक चिकटवायचा आणि संपूर्ण जाळे न कापता बाहेर काढायचे. काच वर-खाली करणाऱ्या, मागची सीट तापवणाऱ्या वायरी नंतर वेगळ्या करता येतात. जाळे जमिनीवर पसरून, इंजिन सुटे असतानाच ते सुरू करून बघावे. या टप्प्यावर चूक सापडली तर ती हाताच्या अंतरावर असते. कवच चढल्यावर तीच डॅशबोर्डच्या मागे, आरशात बघून शोधावी लागते.

काढलेले भाग जसेच्या तसे बसवणे हा खोटा काटकसरीपणा आहे. ब्रेकचे कॅलिपर, रबरी बुश, बॉल जॉइंट, चाकांची बेअरिंग, क्लच आणि सगळ्या होज बदलायची वेळ हीच असते. उरलेले कवच, काचा, सीट, दिवे विकून दाता गाडीच्या किमतीचा काही भाग परत मिळतो.

जुळणी

संचाची चासी बहुधा चौकोनी नळ्यांचा त्रिमितीय सांगाडा किंवा शिडीसारखी चौकट असते. सेव्हनच्या धर्तीच्या चासीत साधारण 25 मिलिमीटरच्या, दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या नळ्या वापरतात आणि त्यांवर ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवून रिव्हेट करतात. आधी चाके, स्टिअरिंग आणि ब्रेक बसवून ती ढकलता येईल अशी करतात, मग इंजिन उतरवतात. इथे दाता गाडीचे आकारमान आडवे येऊ लागते. तेलाचे सम्प (इंजिनाच्या तळाचे तेलाचे भांडे) चासीच्या खाली लोंबते, म्हणून ते कापून उथळ करावे लागते आणि वळणावर तेल एका बाजूला जाऊ नये म्हणून आत आडपडदे वेल्ड करावे लागतात. इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा प्रॉपेलर शाफ्ट आखूड करून पुन्हा संतुलित करून घ्यावा लागतो. रेडिएटर खाली बसल्याने कूलंटची टाकी सगळ्यात उंच ठेवावी लागते. ती खाली राहिली तर इंजिनात हवेचा गोळा अडकतो आणि तापमानाचा काटा अचानक चढतो.

याहून खोल अडचण वजनाची. पहिल्या पिढीची एमएक्स-5 सुमारे साडेनऊशे ते हजार किलोची. तिच्या भागांवर उभी राहणारी हलकी किट कार सहाशे-सातशे किलोत बसू शकते. मूळ गाडीचे ब्रेक जड नाकाच्या हिशेबाने आखलेले असतात. नव्या गाडीत चालक जवळजवळ मागच्या चाकांवर बसतो आणि पुढचा भार घटतो, त्यामुळे तेच ब्रेक पुढची चाके लवकर जाम करतात. म्हणून पुढच्या-मागच्या ब्रेकमधली वाटणी नव्याने ठरवावी लागते, स्प्रिंग बदलाव्या लागतात. स्टिअरिंगचेही तसेच. रॅकचे (स्टिअरिंगच्या दातेरी दांड्याचे) आतले सांधे आणि विशबोनचे (चाक धरणाऱ्या त्रिकोणी आर्मचे) आतले बिजागर यांचे नाते बिघडले, तर चाक खड्ड्यात खाली-वर होताना स्वतःच किंचित वळते. हे तपासायची पद्धत साधी आहे : स्प्रिंग काढायची, चाकाला सपाट फळी बांधायची आणि जॅकने चाक वर-खाली करत फळीच्या दोन्ही टोकांचे अंतर मोजायचे. अंतराचा फरक बदलत राहिला तर रॅक हलवायचा. या एका मोजणीवर घालवलेली दुपार रस्त्यावरच्या निर्धास्तपणाच्या रूपात परत मिळते.

फायबरग्लासच्या कवचात एक हमखास फसगत असते. पोलादी गाडीत दिव्याची परतीची वीज कवचातूनच बॅटरीकडे जाते. फायबरग्लास वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थिंगची वायर लागते. ती विसरली की इंडिकेटर लावल्यावर ब्रेकचा दिवाही मिणमिणू लागतो, कारण वीज दुसऱ्या बल्बमधून वाट शोधते.

इंजिन पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी स्पार्क प्लग काढून ते स्टार्टरने नुसते फिरवतात, तेलाचा दाब दिसेपर्यंत. कवच न चढवता गाडी खासगी जागेत थोडी चालवून घेण्याचाही प्रघात आहे. गळती आणि खडखड तेव्हाच पकडता येते.

तपासणी आणि नोंदणी

हौशी माणसाने बनवलेल्या गाडीबद्दलचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, म्हणून संच मागवण्यापूर्वीच ते वाचावेत. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची तपासणी 1998 पासून सुरू झाली आणि मोटारगाड्यांसाठी तिचे सध्याचे रूप 2009 मध्ये आले. ब्रेक, धूर, आवाज, आरसे, सीटबेल्टचे आधार यांबरोबरच, बाहेरून स्पर्श होऊ शकणाऱ्या कडा पुरेशा गोल आहेत का आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येते का, हेही पाहतात. हलक्या लोकॉस्ट गाड्या या शेवटच्या कसोटीत अडखळतात, कारण जड गाडीसाठी आखलेल्या हबचा कल त्यांना पुरत नाही. नव्या संच-चासीवर दाता गाडीचे किमान दोन प्रमुख भाग आहेत हे सिद्ध केले, तर दाता गाडीच्या वयानुसार क्रमांक मिळतो. नाहीतर बहुधा क्यू अक्षराने सुरू होणारा. अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात उत्सर्जनाच्या खास सवलतीसाठी वर्षाला 500 गाड्यांची मर्यादा आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये प्रमाणित अभियंत्याला किंवा तपासनिसाला बांधकामाच्या सुरुवातीपासून सोबत घेणे सोयीचे ठरते.

नोंदणीनंतरही दाता गाडीचे नाव, वर्ष, इंजिन क्रमांक आणि कोणता भाग तिचा, कोणता दुसरीकडचा, याची वही गाडीतच ठेवावी. ब्रेक पॅड घ्यायला दुकानात गेल्यावर किट कारचे नाव सांगून काही मिळत नाही. तिथे दाता गाडीचे मॉडेल आणि साल सांगावे लागते. गाडी पुढे दुसऱ्याच्या हाती गेली, तर ही वही नसेल त्या मालकाला प्रत्येक बेअरिंग मोजून शोधावे लागते.