मानसशास्त्रात 'ऑनर्स विथ रिसर्च': भाषा-आकलनावर प्रकल्प करायचा असेल तर अर्ज कसा करावा

वाचताना किंवा ऐकताना वाक्य आपल्याला कसं उमगतं, हा मानसशास्त्राचा फार सुंदर प्रश्न आहे. नागपुरात बी.ए. मानसशास्त्र करणाऱ्यांना त्यावर काम करायचं असेल, तर चौथ्या वर्षाची 'ऑनर्स विथ रिसर्च' ही सरळ वाट आहे.

यूजीसीच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यानुसार त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत मिळून 75 टक्के किंवा त्याहून जास्त गुण लागतात. चार वर्षांचे एकूण किमान 160 क्रेडिट, त्यात संशोधन प्रकल्पाचे 12. गुण कमी पडले तरी चौथं वर्ष करता येतं. मग प्रकल्पाऐवजी जादा पेपर असतात आणि पदवी साधी ऑनर्स मिळते. चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के मिळाले, तर 2022 च्या नियमावलीप्रमाणे एम.ए. न करताही पीएचडी प्रवेशासाठी अर्ज करता येतो. एससी, एसटी, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस विद्यार्थ्यांना तिथे 5 टक्के सवलत आहे. ती पीएचडीची सवलत आहे, चौथ्या वर्षाच्या प्रवेशाला ती गृहीत धरू नका.

आपल्या विभागाला या शाखेची परवानगी आहे का आणि गाईड कोण होऊ शकतात, हे विभागप्रमुखांना पाचव्या सत्रातच विचारा. सहाही सत्रांच्या मार्कशीट, एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स खात्याचा क्रमांक), आधार, राखीव जागेसाठी जात वैधता व नॉन-क्रीमीलेअर, कॉलेज बदलत असाल तर टीसी, एवढी फाईल तयार ठेवा.

खरी मेहनत प्रकल्पाच्या आराखड्यावर घ्या. 'मराठी वाचकांचे आकलन' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: 'मीनाने चिठ्ठी' इथवर वाचलं की पुढे 'वाचली' येणार असा अंदाज मनात बांधला जातो का? मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून 'ने' हा प्रत्यय आधीच बरंच सांगून जातो. मुद्दाम 'वाचते' दाखवलं तर वाचक तिथे किती अडखळतो, हे मोजता येतं. पडद्यावर एकेक शब्द येतो, स्पेसबार दाबला की पुढचा, आणि दोन दाबांमधला वेळ मिलिसेकंदांत नोंदला जातो. सायकोपाय या मोफत सॉफ्टवेअरवर हे साध्या लॅपटॉपवर जमतं. फक्त देवनागरी जोडाक्षरं नीट दिसतात का, हे आधी तपासा.

नागपुरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. घरी वऱ्हाडी, बाजारात हिंदी, वर्गात इंग्रजी अशी आपली मुलं. हिंदीतही 'ने' आहेच. कोणाची हिंदी किती, हे नोंदवलं नाही तर परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतील. 2007 ची लीप-क्यू ही प्रश्नावली भाषेच्या पार्श्वभूमीसाठी जगभर वापरली जाते, तिचा आधार घ्या.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो एथिक्स कमिटीत, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीत. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सामाजिक-वर्तनविषयक संशोधनालाही लागू आहेत. धोका नगण्य असला, तरी तपासणीतून सूट द्यायची की नाही हे कमिटी ठरवते, आपण नाही. तिच्यापुढे आराखडा, गाईडच्या सहीचं पत्र, वाक्यांची पूर्ण यादी आणि मराठीतलं संमतीपत्र ठेवा. कधीही मधूनच सोडून जाता येईल, नाव कुठेही येणार नाही, माहिती कोणाजवळ राहील, हे त्यात साध्या भाषेत हवं. प्रयोगात भाग घेणारी प्रथम वर्षाची काही मुलं 17 वर्षांची असतात. त्यांच्यासाठी पालकांची संमती आणि त्यांची स्वतःची लेखी सहमती, दोन्ही लागतात. मंजुरीआधी मित्रांवर घेतलेली चाचणीसुद्धा प्रबंधात धरता येत नाही.

बाहेरची प्रयोगशाळा पाहायची असेल, तर अलाहाबाद विद्यापीठातलं 2002 साली सुरू झालेलं वर्तन व संज्ञान विज्ञान केंद्र किंवा हैदराबाद विद्यापीठातलं मेंदू व संज्ञान विज्ञानाचं केंद्र आहे. तिथल्या प्राध्यापकांना सुट्टीच्या तीन-चार महिने आधी ईमेल करा. सोबत मार्कशीट, बोनाफाईड, गाईडचं शिफारसपत्र आणि तुमचा एक पानी आराखडा जोडा. त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून मगच लिहा, आणि त्यातलं काय पटलं ते दोन ओळींत सांगा.