पार्श्वभूमी: पासष्टीनंतरचा परवाना

३१ डिसेंबर २०१२ पर्यंत अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात सत्तरीच्या रहिवाशाला गळ टाकायला किंवा बंदूक घेऊन फेझंट आणि लावे या पक्ष्यांच्या मागे जायला परवाना लागत नव्हता. पासष्टी ओलांडलेली आणि पत्ता कॅन्ससचा, एवढं पुरे होतं. १ जानेवारी २०१३ ला ही सूट गेली. पंच्याहत्तरी गाठलेल्यांना ती राहिली. ६५ ते ७४ या वयातल्यांपुढे दोन पर्याय आले: निम्म्या दरात वार्षिक परवाना, नाहीतर एकदाच ४० डॉलर भरून शिकार आणि मासेमारी दोन्हींचा आजीवन पास. शिकारीची आणि मासेमारीची फी वाढली की अनेक राज्यांत ज्येष्ठांची तक्रार उठते. ती समजून घ्यायला कॅन्ससच्या या एका निर्णयाकडे बघावं लागतं, कारण यात भांडण चाळीस डॉलरचं कधीच नव्हतं.

भांडण होतं ‘सशुल्क परवानाधारक’ या शब्दाचं. वरवर साधा दिसणारा हा शब्द अमेरिकेतल्या वन्यजीव खात्यांचं सगळं अर्थकारण धरून आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवरच्या ११ टक्के अबकारी कराचा पैसा राज्यांना वन्यजीवांसाठी द्यायचं ठरलं. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यानं मासेमारीच्या साहित्यावरच्या १० टक्के कराचं तसंच केलं. वाटणीचं सूत्र असं: शिकारीच्या पैशात निम्मा वाटा राज्याच्या क्षेत्रफळावर आणि निम्मा परवानाधारकांच्या संख्येवर, मासेमारीच्या पैशात ४० टक्के क्षेत्रफळावर आणि ६० टक्के परवानाधारकांवर. क्षेत्रफळ बदलत नाही. वाढवता येण्यासारखं एकच, डोकी.

आणि डोकं मोजायचं तर त्यानं पैसे भरलेले हवेत. ज्या परवान्यातून राज्याला निव्वळ उत्पन्न मिळत नाही तो हिशेबात धरता येत नाही. एकाच माणसाकडे तीन परवाने असले तरी माणूस एकच धरला जातो, आणि फुकट परवाना असलेला तर शून्य. आजीवन परवान्याचा धारक किती वर्षं मोजायचा याचे नियम केंद्रानं वेळोवेळी बदलले, पण मूळ अट तीच राहिली. म्हणजे पन्नास वर्षं इमानानं परवाना काढणारा माणूस पासष्टाव्या वाढदिवशी तळ्यावर तसाच येत राहतो, तेवढेच मासे पकडतो, त्याच धक्क्यावर बसतो. केंद्राच्या कागदावरून मात्र तो पुसला जातो. राज्याचं नुकसान दुहेरी होतं. परवान्याची फी जाते, शिवाय केंद्राकडून येणाऱ्या पैशातला त्या माणसामागचा वाटाही जातो. केंद्राच्या दर तीन डॉलरमागे राज्याला स्वतःचा एक डॉलर घालावा लागतो, आणि तो डॉलरही बहुतेक वेळा परवान्याच्या पैशातूनच निघतो.

जुन्या काळात हे कोणाला खुपत नव्हतं. म्हातारे थोडे होते आणि तरुण शिकारी भरपूर. मग गणित फिरलं. राष्ट्रीय पाहणीनुसार १९९१ मध्ये शिकार करणारे १ कोटी ४१ लाख होते, २०१६ मध्ये १ कोटी १५ लाख उरले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून जन्मलेली भली मोठी पिढी २०११ मध्ये पासष्टीला पोचायला लागली. शिकारीची आणि गळाची सवय सर्वांत घट्ट असलेली पिढी हीच. ती सगळी एका दशकात फुकट वर्गात गेली असती तर खात्याचा पायाच खचला असता. कॅन्ससच्या विधिमंडळापुढे २०१२ मध्ये हाच हिशेब होता, आणि हिशेब म्हणून तो खरा होता हे मान्य करायला हवं.

पण तो लागू कसा केला? माझ्या ओळखीतले दोघे भाऊ लॉरेन्सजवळच्या क्लिंटन तलावावर कॅटफिशसाठी बसतात. थोरल्याचा जन्म १९३७ चा, धाकट्याचा १९४० चा. दोघांनाही सूट मिळून वर्षं लोटली होती. २०१३ उजाडलं तेव्हा थोरला पंच्याहत्तर, धाकटा बहात्तर. एकाच बादलीतली गांडुळं, शेजारीशेजारी टेकवलेल्या दोन काठ्या, आणि परवाना एकालाच. धाकट्यानं पास काढला, घडी घालून टोपीच्या आतल्या पट्टीत खोचला. तो कागद अजून तिथेच आहे, घामानं पिवळा पडलेला. पैसे गेल्याबद्दल तो कधी बोलला नाही. ‘दिलेलं परत घेतलं’ एवढंच म्हणतो.

मला त्याचं पटतं. दुसरी वाट होती, आणि ती इतर राज्यांनी चालून दाखवली होती. टेक्ससमध्ये १ जानेवारी १९३१ पूर्वी जन्मलेल्यांना मासेमारीचा परवाना लागत नाही. विस्कॉन्सिनमध्ये हीच रेषा १ जानेवारी १९२७ ची आहे. तिथल्या इतर ज्येष्ठांना सवलतीच्या दरात का होईना, परवाना काढावा लागतो. म्हणजे सूट वयाला न बांधता जन्मतारखेला बांधली. ज्यांच्या हातात ती पडली त्यांच्याकडून काढून घेतली नाही, मागून येणाऱ्यांना मात्र दिली नाही. अशी सूट त्या माणसांबरोबरच हळूहळू संपते. कॅन्ससनं वयाची रेषा पासष्टवरून पंच्याहत्तरवर सरकवली आणि मधल्या दहा वर्षांतले सगळे एका रात्रीत अलीकडे ओढले गेले. खात्याला पैसा लवकर हवा होता, हे कारण समजतं. शब्द मोडल्याची भावना मात्र तेवढ्यानं जात नाही.

पुढचा धक्का २०१६ चा. १ जानेवारीला कॅन्ससचा वार्षिक परवाना १८ डॉलरवरून २५ वर गेला, वर हाताळणीचे अडीच डॉलर. सवलतीचा दर मूळ दराच्या निम्मा, त्यामुळे मूळ दर चढला की तोही आपोआप चढतो. ज्यांनी आधीच ४० डॉलरचा पास काढला होता ते सुटले. त्याच्या काही महिने आधी, २०१५ च्या उन्हाळ्यात, बदकांच्या शिकारीसाठी लागणारं केंद्राचं ‘डक स्टॅम्प’ हे तिकीट १५ डॉलरवरून २५ वर गेलं होतं. १९३४ मध्ये एक डॉलरला निघालेल्या या तिकिटात ज्येष्ठांना सवलत कधीच नव्हती. सोळा वर्षांपुढच्या प्रत्येकाला ते लागतं. आणि त्याच २०१६ मध्ये सोशल सिक्युरिटी या केंद्राच्या योजनेतल्या पेन्शनवरची महागाईची वाढ, जी १९७५ पासून दरवर्षी आपोआप ठरते, शून्य टक्के आली. पुढच्या वर्षी ०.३ टक्के. सुटी बघितली तर प्रत्येक वाढ लहान. पेन्शन जागची हलत नसताना सहा महिन्यांत दोन्ही एकदम आल्यावर माणूस बदकांचा नाद सोडतो आणि मासेमारीचा तेवढा ठेवतो.

भार सगळ्यांवर सारखा पडला नाही, हेही सांगायला हवं. कॅन्ससमध्ये स्वतःच्या शेतजमिनीवर शिकार करणाऱ्या मालकाला आणि त्याच्या घरच्यांना शिकारीचा परवाना लागत नाही. त्यामुळे निवृत्त शेतकरी बराचसा बाहेर राहिला. चिमटा बसला तो कारखान्यातून, शाळेतून, रेल्वेतून निवृत्त झालेल्या, सार्वजनिक जमिनीवर आणि सरकारी तलावावर अवलंबून असलेल्या माणसाला. त्याच्या वार्षिक खर्चात परवाना हा एकटाच आकडा नसतो. हरणाचा परवाना वेगळा, होडीची नोंदणी वेगळी, राज्य उद्यानात गाडी नेण्याचा पास वेगळा.

फी अशी अचानक उडी का घेते, याचं कारण बरंचसं राजकीय आहे. अनेक राज्यांत दर विधिमंडळ ठरवतं आणि ते महागाईला बांधलेले नसतात. पेनसिल्व्हेनियात प्रौढ रहिवाशाच्या शिकारीच्या परवान्याची फी १९९९ नंतर वीस वर्षांहून जास्त काळ हलली नाही. मतदार दुखवायचे नाहीत म्हणून वर्षानुवर्षं हात लावायचा नाही, आणि तिजोरी कोरडी पडली की एकदम मोठा आकडा मांडायचा. दरवर्षी चार आणे वाढले असते तर सोसले असते. वीस वर्षांचं ओझं नेमकं निवृत्त झालेल्या वर्षी डोक्यावर येतं.

२०२० नंतर बंदुका आणि काडतुसांचा खप प्रचंड वाढला आणि पिटमन-रॉबर्टसनचा वार्षिक निधी एक अब्ज डॉलरच्या वर गेला. हा कर भरणाऱ्यांत शिकारीला कधीच न जाणारे पुष्कळ आहेत, पण वाटणीत क्षेत्रफळाखेरीज अजून शिकाऱ्यांचीच डोकी मोजली जातात. निधी फुगला तसं मोजल्या जाणाऱ्या प्रत्येक डोक्याचं मोल वाढलं, आणि ज्येष्ठांना फुकट वर्गात परत सोडण्याचं कारण राज्यांपाशी आणखी कमी झालं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये दुरुस्ती झाल्यानंतर हौशी शिकारीचा परवाना हा विषयच उरला नाही, म्हणून कॅन्सस सिटीच्या उपनगरांतल्या मराठी घरांत हा प्रश्न पोचतो तो मासेमारीतून. मुलाकडे सहा महिने राहायला आलेले सत्तरीचे वडील, कोकणात खाडीवर गळ टाकण्यात आयुष्य गेलेलं, तलावावर निघतात. ज्येष्ठांची निम्मी फी, पास, पंच्याहत्तरीची सूट यातलं काहीही त्यांना मिळत नाही, कारण या सवलती फक्त रहिवाशांना आहेत. त्यांना परराज्यातल्या माणसाच्या पूर्ण दरानं परवाना घ्यावा लागतो, आणि तो घेतला की सूत्रातल्या डोक्यांत तेही मोजले जातात.