कोस्टर ब्रेकमधली एक हलकी स्प्रिंग

'ब्रेकला ग्रीस लागले की तो घसरणारच' हे वाक्य नागपुरात सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत सायकल दुरुस्तीच्या अनेक दुकानांत ऐकू येते. रिमवर घासणाऱ्या रबराच्या बाबतीत ते बरोबर आहे. पायडल उलटे दाबून लागणाऱ्या कोस्टर ब्रेकच्या बाबतीत मात्र ते साफ चुकीचे आहे. याच समजुतीपायी धंतोलीतील एका परिचितांच्या जुन्या सायकलचा हब, म्हणजे हा ब्रेक पोटात असलेला चाकाचा मधला भाग, रॉकेलने धुऊन कोरडाच जोडला गेला होता, आणि ब्रेक कधी लागे, कधी लागतच नसे.

या हबमध्ये धातूचे ब्रेकशू हबच्या आतील पोलादी भिंतीवर दाबले जातात. ते कोरडे घासले, तर भिंतीवर ओरखडे उठतात आणि चाक एकाएकी जाम होऊ शकते. ग्रीस असूनही ब्रेक लागतो, कारण दाब प्रचंड असतो.

हा दाब कसा निर्माण होतो, हे पाहण्यासारखे आहे. चेन ज्या भागाला फिरवते त्यावर रुंद आटे असतात आणि त्या आट्यांवर शंकूच्या आकाराचा नट बसतो. बोल्ट फिरवताना नट बोटांनी धरला तरच तो आट्यांवरून सरकतो, नाहीतर बोल्टबरोबर नुसता गरगर फिरतो. हबमध्ये बोटांचे हे काम एक हलकी स्प्रिंग करते. पायडल पुढे मारले की नट एका बाजूला सरकून हबमध्ये पाचरीसारखा रुततो व चाक फिरवतो. पायडल मागे दाबले की तोच नट विरुद्ध बाजूला जाऊन ब्रेकशूंना फाकवतो. स्प्रिंग ढिली पडली, किंवा वाळलेल्या ग्रीसने नट आट्यांना चिकटला, तर पायाचा सगळा जोर वाया जातो. म्हणून शू बदलण्याआधी स्प्रिंग तपासावी.

स्वार आणि सायकल मिळून 90 किलो धरले, तर 10 मीटर उंची उतरताना सुमारे 8,800 ज्यूल ऊर्जा सुटते. ती सगळी 1 किलोच्या पोलादी हबमध्ये मुरली, तर त्याचे तापमान जवळजवळ 18 अंशांनी वाढेल. उतार मोठा असेल तर ही वाढही त्या प्रमाणात मोठी, त्यामुळे ग्रीस उष्णता सोसणारेच हवे. हे हब टिकतात ते बंद कवच आणि ग्रीस यांमुळे. 'जुने लोखंडच वेगळे होते' या कौतुकाला काही आधार नाही.

जोडताना कोन, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्यांवर बसणारा आसावरचा शंकू, इतपतच आवळावा की, आसाचे नट पक्के केल्यावर रिम हाताने अगदी किंचित हलावी. ब्रेकचा दांडा फ्रेमला क्लिपने घट्ट बांधलाच पाहिजे, कारण चाक थांबवणारा उलटा पीळ तोच सोसतो. धंतोलीच्या हबमध्ये शू शाबूत होते. स्प्रिंगच ढिली निघाली.